चढणीच्या माशांना वाट द्या

महोदय,

पहिल्या पावसाने ओढे भरले की गाबोळीने भरलेले मासे नदीतून शेतांच्या पाण्यात चढतात. कोकणात त्यांना चढणीचे, वलगणीचे मासे म्हणतात. लहानपणी मीही बॅटरी घेऊन रात्री ते धरायला गेलो आहे; पण घरच्या कालवणापुरतेच. आता काही जण पाण्यात करंट सोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यात पिल्ले, खेकडे, बेडूक सगळेच मरतात.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मग ओढ्यांत निदान पावसाचे पहिले आठ दिवस अशी बंदी का नको? यासाठी गळ टाकणाऱ्यांनीच पुढे यावे. कोणत्या कोंडीत मासा राहतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि रात्रीच्या राखणीला गावातल्या पोरांना सोबत न्यावे.

– एक वाचक, रत्नागिरी