शनिवारच्या सिनेमा-गप्पांची आठवण

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी भेटायचंय. सिनेमा 'गॅसलाइट' (१९४४). घरी पूर्ण बघूनच या, तिथे दोन-तीन प्रसंगच परत लावू.

नवरा चोरून माळ्यावर दिवे लावतो, म्हणून खाली बायकोच्या खोलीतली गॅसबत्ती मंदावते. वस्तू हरवतात, तर म्हणे तूच विसरतेस. शेवटी तिला स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरत नाही. (इन्ग्रिड बर्गमनला यासाठी ऑस्कर मिळालं.) 'गॅसलाइटिंग' (समोरच्याला स्वतःवरच शंका घ्यायला लावणं) हा शब्द आला तो या गोष्टीवरूनच, आणि २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. हल्ली साध्या थापेलाही तो चिकटवतात, मला ते पटत नाही. भांडायला जरूर या! याला नेमका मराठी शब्द सुचला तर तोही आणा.

सिनेमातले इंग्रजी शब्द-वाक्प्रचार टिपायच्या वहीत नुसता अर्थ नको, ऐकलेलं अख्खं वाक्य उतरवा. आणि मागच्या खेपेला ज्यांनी 'किक द बकेट'पुढे 'बादलीला लाथ मारणे' लिहिलंय, त्यांनी ते खोडा. तो आपला 'राम म्हणणे' आहे.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, चहा मोजून सांगावा लागतो.