मुलुंड, कालिना आणि मग कॅनडा

मिसिसागा, ऑन्टारिओ

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

इथे कॅनडात येऊन तुला फार्मसिस्ट कसं होता येईल, हे ताईने विचारलं. ते सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतेय. भावोजींनाही वाचायला दे. तू परीक्षांना बसशील, पण कागदांची निम्मी धावपळ त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

आधी अमेरिकेचा विषय मिटवू. तिथे परदेशी फार्मसिस्टला एफपीजीईसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा हवा. तुझं बी.फार्म. चार वर्षांचं. त्यावर एम.फार्म. केलं तरी ती वर्षं यात धरत नाहीत. सहा वर्षांचं फार्म.डी. केलेल्यांना तो रस्ता आहे, तुला नाही. कॅनडात चार वर्षांची पदवी चालते. नुसतं डी.फार्म. मात्र फार्मसिस्ट व्हायला इथेही पुरत नाही, हे तुझ्या कळव्याच्या मैत्रिणीला आत्ताच सांग.

तू विचारलंस, "मावशी, इंटर्नशिप आधी शोधू का?" नको. इथल्या मेडिकलवाल्याची कितीही ओळख असली तरी प्रांताच्या कॉलेजकडे नाव नोंदल्याशिवाय कुणी तुला इंटर्न म्हणून उभं करू शकत नाही. आणि कॉलेज म्हणजे शिकायचं कॉलेज नव्हे बरं का. आपली फार्मसी कौन्सिल असते तसली ती नियामक संस्था. इथे तिचं नाव ऑन्टारिओ कॉलेज ऑफ फार्मसिस्ट्स. प्रत्येक प्रांताचं असं वेगळं असतं आणि इंटर्नशिप कधी सुरू करायची, किती आणि कशी, हे तेच ठरवतं. क्युबेकची तर व्यवस्थाच निराळी आणि कारभार फ्रेंचमध्ये, तो प्रांत सोडून दे.

क्रम असा. फार्मसिस्ट्स गेटवे कॅनडावर नोंदणी करून राष्ट्रीय क्रमांक घ्यायचा. मग पीईबीसी, म्हणजे परीक्षा मंडळ, तुझी कागदपत्रं तपासतं. ती पसंत पडली की इव्हॅल्युएटिंग परीक्षा. त्यानंतर क्वालिफाइंगचे दोन भाग, पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा आणि दुसरा ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष बोलून-करून दाखवायची परीक्षा. त्याशिवाय प्रांताची कायद्याची परीक्षा, इंग्रजीचा दाखला आणि प्रत्यक्ष कामाची तपासणी. स्थलांतराच्या अर्जासाठी पदवीचं मूल्यांकन लागतं, तेही फार्मसिस्टच्या बाबतीत पीईबीसीच करतं. एजंट डब्ल्यूईएसला, म्हणजे इतर पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, पैसे भरायला लावतात. फार्मसिस्ट म्हणूनच अर्ज करणार असशील तर ते फुकट जातात.

आता कागद, कारण माणसं अडकतात ती परीक्षेच्या आधी, इथेच. गुणपत्रकांच्या प्रती मंडळ तुझ्या हातून घेत नाही. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने थेट पाठवायचं असतं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या परीक्षा भवनात अर्ज. आठही सत्रांच्या गुणपत्रकांच्या झेरॉक्स सोबत ने. एखाद्या सत्रात केटी, म्हणजे विषय राहिलेला, असेल तर पुन्हा दिलेल्या परीक्षेचं गुणपत्रकही जोड, नाहीतर पहिल्या नापास निकालावरच फाईल थांबते. दुसरा कागद महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचा, तुझी नोंदणी चालू आहे आणि तुझ्यावर कारवाई झालेली नाही असं सांगणारा. तोही त्यांनीच पाठवायचा. ते ऑफिस मुलुंडला, ठाण्याहून एकच स्टेशन, म्हणून आधी ते उरक. जाण्यापूर्वी नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते बघ. मुदत संपलेली असेल तर पत्रावर तसंच लिहून येईल आणि ते मंडळाकडे आधी पोचलं की खुलासे करत बसावं लागतं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी नावाची. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव तुझ्या नावाला चिकटलेलं. कौन्सिलच्या दाखल्यावर तिसराच क्रम. आपल्याला ते एकच माणूस दिसतं, इथल्या कारकुनाला तीन दिसतात. नुसता क्रम वेगळा असेल तर कोर्टनाक्यावर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घे आणि त्यात प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरव. स्पेलिंगच चुकलेलं असेल, एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन 'ए', तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नकोस. मूळ कागद दुरुस्त करून घे. लग्न ठरत असेल तर, ताई रागावेल, पण मधेच नाव बदलू नकोस. लायसन हातात येईपर्यंत पासपोर्टवरचंच नाव ठेव.

इंग्रजीच्या दाखल्यासाठी आयईएल्टीएसची परीक्षा द्यायची घाई करू नकोस. निकाल दोन वर्षंच धरतात. आज दिलास तर कॉलेजकडे अर्ज करायच्या वेळेपर्यंत तो शिळा झालेला असेल.

अभ्यासाचं म्हणशील तर इव्हॅल्युएटिंगमध्ये केमिस्ट्री, फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी सगळंच येतं, पण मोठा वाटा फार्मसी प्रॅक्टिसचा, म्हणजे पेशंटशी येणाऱ्या प्रत्यक्ष कामाचा, आणि तोच आपल्याकडे सगळ्यात कमी शिकवतात. नावं बदलून पाठ कर. पॅरासिटामॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायबुराइड, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. निमेसुलाइड इथे विसरून जा. एककंही वेगळी. रक्तातली साखर मिलीमोलमध्ये, आपल्या आकड्याला १८ ने भाग. उपाशीपोटी १२६ म्हणजे इथली ७. क्रिएटिनिनला ८८.४ ने गुण. हे बोटांवर नसेल तर किडनीप्रमाणे डोस ठरवायचा प्रश्न येत असूनही चुकतो.

ऑस्कीत तुला एकेका खोलीत सात-सात मिनिटं मिळतात आणि समोर पेशंटचं काम करणारा माणूस असतो. आपली हुशार मुलं इथे का पडतात सांगू? त्यांना सगळं येत असतं आणि ती सगळं सांगून टाकतात. गोळी कधी घ्यायची, काय खायचं नाही, दुष्परिणाम, एका दमात. समोरच्याला काही विचारतच नाहीत. आधी विचार: अ‍ॅलर्जी आहे का, आणखी कुठली औषधं चालू आहेत, आजार कुठले, डॉक्टरांनी हे कशासाठी दिलं असं सांगितलं? समज, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेली बाई को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आली. आधीपासून कुठलं औषध चालू आहे हे विचारलंच नाहीस तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, वाढून रक्तस्राव होण्याचा धोका तुझ्या लक्षातच येणार नाही आणि ती खोली गेली. विचारलंस, तरी पुढे डॉक्टरला फोन करून दुसरं औषध सुचवायचं असतं, डोस आणि दिवसांसकट. "डॉक्टरांनी लिहिलंय ना" ही नौपाड्यातल्या मेडिकलची सवय तिथेच सोडून ये. प्रत्येक परीक्षेला साधारण तीनच संधी असतात, म्हणून सराव म्हणून बसून बघू, असं करू नकोस.

इथे आल्यावर परीक्षा होईपर्यंत फार्मसी असिस्टंटचं काम बघ, ऑन्टारिओत त्याला लायसन लागत नाही. टेक्निशियनला लागतं, दोन्हींत गल्लत करू नकोस. त्या कामाचे तास इंटर्नशिपमध्ये मोजत नाहीत, पण क्रोलसारखं सॉफ्टवेअर, विम्याची बिलं आणि प्रत्येक औषधाचा आठ आकडी नंबर, डीआयएन, पाहून बाटली उचलायची सवय होते. पुढे तुझं काम बघून शेरा देणारा फार्मसिस्ट बहुतेक अशाच ओळखीतून मिळतो. तास लिहून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून ये. तसला कागद उघडकीला आला तर लायसन मिळायच्या आधीच जातं.

या रविवारी एक काम कर. दहावीचं गुणपत्रक, पदवी, पासपोर्ट, आधार, जन्मदाखला आणि कौन्सिलचा दाखला, या सहांवरचं नाव अक्षर-अक्षर बघून एका कागदावर खाली-खाली लिही आणि फोटो काढून मला पाठव. जन्मदाखला नुसता मराठीत असेल तर तेही कळव, भाषांतर करून घ्यावं लागेल. मुलुंडला कधी जायचं ते मग ठरवू.

ताई-भावोजींना नमस्कार.

तुझी,
मावशी