प्लॅटिनमची पट्टी आणि कवीचे मन

माननीय संपादक महोदय,

विज्ञान आणि कला यांतील उत्प्रेरकांची (स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांची) चर्चा निघाली की कवी-समीक्षक टी. एस. एलियट यांनी १९१९ मध्ये दिलेला दाखला हमखास पुढे येतो: ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड यांचा संयोग घडवूनही प्लॅटिनमची पट्टी जशी अलिप्त राहते, तसे कवीचे मन. (त्यांनी सल्फ्युरस आम्ल बनते असे लिहिले, बनते ते सल्फर ट्रायऑक्साइड, ज्यापासून गंधकाम्ल तयार करतात.) मुळात ही पट्टी अलिप्त नसतेच. ऑक्सिजनचे रेणू तिच्या पृष्ठभागाला चिकटून तिथेच फुटतात, आणि वायूत आर्सेनिकचा अंश आला तर ती निकामी होते. या कारणाने आणि किमतीमुळेही गंधकाम्लाचे कारखाने पुढे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या दुसऱ्या उत्प्रेरकाकडे वळले. समीक्षकांनी हा दाखला खुशाल द्यावा, मात्र कवीच्या अलिप्ततेचा पुरावा म्हणून देऊ नये.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक