आर्थिक साक्षरतेच्या तासाला फळ्यासमोर कोण उभं राहणार?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आर्थिक साक्षरता पदवीच्या वर्गात येऊ लागली, याचा आनंद आहे. मी तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. माझं म्हणणं हा विषय शिकवतं कोण, याबद्दल आहे.

अनेकदा एखाद्या ब्रोकरचा माणूस येतो. तासभर भाषण, मग पडद्यावर क्यूआर कोड, आणि मुलं शेअर ठेवण्याचं डीमॅट खातं उघडूनच घरी जातात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं, की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांतल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये हे सौदे करणाऱ्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. हे आकडे त्या भाषणात कसे येतील?

आमच्या मुलांची पैशाशी पहिली गाठ शेअर बाजारात पडतच नाही. ती पडते मोबाइलच्या हप्त्यात. साठ हजारांचं कर्ज, 'फक्त १२ टक्के फ्लॅट', वर्षभर दरमहा ५,६०० रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवरच लागतं. म्हणजे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. बी.ए.च्या वर्गात हे गणित मांडलं की मागच्या बाकावरचेही खिशातून मोबाइल काढून हिशेब करू लागतात. (एरवी तो कशासाठी निघतो, ते सांगायला नको.)

पतसंस्थेचंही तसंच. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. घरोघरी पतसंस्थेची पावती असलेल्या या राज्यात हे किती पदवीधरांना ठाऊक आहे? तिथे व्याज जास्त का मिळतं, हे विचारायला लावणं म्हणजेच जोखीम शिकवणं. त्यासाठी वेगळा 'एक्स्पर्ट' लागत नाही, अर्थशास्त्राचा किंवा वाणिज्यचा शिक्षक पुरतो.

तो शिक्षक मात्र जागेवर हवा. कित्येक महाविद्यालयांत हे विषय तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर चालतात. सुट्टीत मानधन नाही, एरवीचंही महिनोन्‌महिने रखडतं. 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' हे त्यांनी कोणत्या तोंडाने शिकवावं?

रिक्त पदांना वेळ लागेल, समजू शकतो. पण श्रेयांकाच्या (क्रेडिटच्या) तासाला खाती उघडून घेण्यास मनाई करणारं एक पानी परिपत्रक जूनपूर्वी निघायला काय हरकत आहे?

आपला,
अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक