पोकिप्सीतला दगड

महोदय,
न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या जुन्या दफनभूमीत मी गेले ती एकाच दगडासाठी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. रक्षा मात्र सातासमुद्रापार गेली. अमेरिकेत आनंदीबाईंना आपल्या घरी आसरा देणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी ती इथे आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. रक्ताचं नातं नसताना! दगडावर नावापुढे 'एम.डी.' कोरलंय, त्यावरून मी बोट फिरवलं. खाली १८६५-१८८७. म्हणजे अवघी २१ वर्षं. परिचारिका म्हणून मी क्षयाचे कितीतरी रुग्ण पाहिले, तरी तिथे डोळे भरून आले. आनंदीबाईंची गोष्ट मुलांना सांगताना कार्पेंटरबाईंचंही नाव आवर्जून सांगावं, ही कळकळीची विनंती.
– एक निवृत्त परिचारिका