आंबा बाधला नव्हता, मॅडम

डॉक्टर मॅडम,

तुमचं बंधपत्राचं वर्ष संपलं आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रातून तुम्ही गेलात, तेव्हा मी बाबांना घेऊन कोल्हापुरात होतो. भेट राहिली. तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे असं सगळ्यांदेखत.

मे २०२१. बाबांना चार दिवस जुलाब. खोकला नाही, सर्दी नाही. आंब्याचे दिवस, त्यामुळे आजीने निदान करून टाकलं, "आंबो बाधलो." आम्हालाही ते पटलं. तुम्ही नाकात काडी घातलीत आणि करोना निघाला. हा तर फुफ्फुसाचा आजार, म्हणून मी हुज्जत घातली. तुम्ही केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलंत. विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या कडीला धरून पेशीत शिरतो, तशा कड्या लहान आतड्याच्या अस्तरावरही भरपूर असतात. शौचातही त्याचे अंश सापडतात, संडास वेगळा ठेवा, म्हणालात. तो कागद आंब्याच्या हिशोबाच्या वहीत आहे अजून.

खरे आभार मात्र त्यानंतरच्या रात्रीचे. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हापासून आमच्याकडे लाईट नव्हती. जुलाब थांबलेले, ऑक्सिजन ९६, घर निर्धास्त. आणि बाबा एकाएकी गुडघे पोटाशी घेऊन ओरडायला लागले. हिंग लावून झाला, ओवा झाला, बाजारातल्या एकाने गॅसचं इंजेक्शनही टोचलं.

मोबाईलचा टॉर्च मी धरला होता. तुम्ही बेंबीभोवती, मग खाली, सावकाश दाबत गेलात. "पोट मऊ आहे," म्हणालात. मला हायसं वाटलं. तुम्हाला नेमकं तेच खटकलं. माणूस इतका तळमळतोय आणि हाताला काहीच लागत नाही, म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल. करोनात रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, गुठळ्या फुफ्फुसात होतात तशा पोटाच्या धमनीतही होतात, आणि मग आतडं काही तासांत मरायला लागतं. एका श्वासात हे सांगून तुम्ही चिठ्ठी लिहायला बसलातसुद्धा. "वाटेत कुठे थांबू नका. थेट सीटी अँजिओ." म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन. १०८ दारात येईपर्यंत चार फोन तुम्हीच केलेत. बाबा स्ट्रेचरवरून सांगत होते, "माका काय्येक झालेला नाय."

फोंडा घाटातली ती रात्र लिहीत नाही. धमनीत गुठळी निघाली. दीड फूट आतडं काढावं लागलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर वाचवण्यासारखं काही उरलंच नसतं. सर्जननी तुमची चिठ्ठी दोनदा वाचली, आणि लिहिणारी कोण म्हणून मला विचारलं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने चालल्या, तोवर बाबा पेजेवर. आता आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमाखाली उभे राहतात आणि सगळ्यांवर डाफरतात. दरवर्षी पाच डझनांची एक पेटी पेंढ्यात घालून तुमच्या नावाने बाजूला काढतात. पत्ता कळवा, मॅडम. सध्या ती आजीच संपवते, आणि तिला काही बाधत नाही.