माणूस दगावल्यावरच गोचीड तपासायची का?

मा. आरोग्यमंत्री, गुजरात राज्य,
गांधीनगर

सप्रेम नमस्कार.

2011 च्या जानेवारीत साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक बाई रक्तस्रावी तापानं अहमदाबादेत दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघंही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं निदान केलं: क्रिमियन-काँगो ताप, गोचिडींतून पसरणारा विषाणूचा ताप. भारतात माणसांमध्ये या रोगाची ती पहिली खात्रीशीर नोंद. मग शास्त्रज्ञ कोलाटला गेले, गुराढोरांचं रक्त घेतलं, गोचिडी गोळा केल्या. गुरांत या विषाणूच्या खुणा आढळल्या, आणि विषाणू गोचिडींतही होता. आधी माणसं गेली, तपास नंतर झाला. हा क्रम आपण बदलावा एवढंच मागण्यासाठी मी बडोद्याहून हे पत्र लिहिते आहे.

मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ओळखीच्या पशुवैद्यांबरोबर पादरा, डभोईकडच्या गोठ्यांत जाते. तिथे रोज दिसणारं एक दृश्य आपल्यापर्यंत पोहोचत असेल असं वाटत नाही. गाईच्या कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी, कानाच्या आत गोचिडी चिकटलेल्या असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडीच्या बीएवढी होते. गोठ्याचा मालक ती चिमटीत धरून ओढतो, अंगठ्याच्या नखाखाली फोडतो, बोटांना लागलेलं रक्त धोतराला पुसतो आणि त्याच हातानं चहाचा कप पुढे करतो. मी हातमोज्यांचं बोलले की म्हणतो, "बेन, आ तो रोजनुं छे." आणि त्या गोचिडीचं रक्त हाताच्या एखाद्या चिरेतून आत गेलं तरी हा ताप होऊ शकतो, चावाच घ्यायला हवा असं नाही.

त्यात गाय आजारी दिसतच नाही. आठवडाभर तिच्या रक्तात विषाणू फिरतो, तिचं दूध आटत नाही, चारा सुटत नाही. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, म्हणून लोकांचं लक्ष गेलं आणि गोचिडींतूनच पसरणाऱ्या माकडतापाचा विषाणू सापडला. पुढे तोच ताप आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत आला, तिथेही मेलेलं माकड दिसलं की गावं सावध होतात. क्रिमियन-काँगो तापात अशी आगाऊ सूचना देणारं जनावर नाही. मुद्दाम शोधलं तरच कळणार. पुण्याच्या संस्थेनं पुढे देशभरातल्या जनावरांचं रक्त तपासलं तेव्हा बावीस राज्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली, आणि गाईम्हशींपेक्षा शेळ्यामेंढ्यांत त्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. माणसात मात्र हा ताप दहापासून चाळीस टक्के रुग्णांचा जीव घेतो.

आता शहराकडे या. पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट घसरल्या की निदान ठरलेलं: डेंगी. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण प्लेटलेट क्रिमियन-काँगोतही घसरतात. स्क्रब टायफसमध्येही घसरतात. तो गोचिडीच्याच नात्यातल्या एका बारीक किड्याच्या, चिगर नावाच्या पिल्लांपासून होतो, काखेत किंवा जांघेत एक काळी खपली दिसते आणि वेळेवर दिलेल्या स्वस्तातल्या डॉक्सीसायक्लिननं माणूस वाचतो. ती खपली शोधायला रुग्णाचे कपडे बाजूला करावे लागतात. गर्दीच्या ओपीडीत ते कोण करतं? केसपेपरवर "घरी जनावरं आहेत का, गोचीड काढली का" अशी एक ओळ छापलेली असेल तर निदान विचारलं तरी जाईल. बाकी सगळ्या मागण्यांना वेळ लागला तरी ही एक ओळ उद्या छापता येते, आणि अहमदाबादच्या त्या डॉक्टर-परिचारिकेसारख्या माणसांना हातमोजे, मास्क कधी चढवायचे हेही त्या ओळीवरून ठरेल.

संशोधनाचं म्हणाल तर बडोद्याला काय कमी आहे? महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, त्याचंच वैद्यकीय महाविद्यालय सयाजी रुग्णालयाला जोडलेलं आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय आणंदला, तासाभराच्या अंतरावर. पण गुरांचा डॉक्टर पशुसंवर्धन खात्याचा, माणसांचा डॉक्टर आरोग्य खात्याचा, आणि दोघांची नोंदवही वेगळी. ज्या गोठ्यात संकरित गाय थायलेरिया या परजीवीच्या गोचीडतापानं आडवी झाली, त्या गोठ्यात हायलोमा जातीची गोचीड असणार हे पशुवैद्याला कळतं. क्रिमियन-काँगोचा विषाणू पसरवते तीही हायलोमाच. तरी ही बातमी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जायची वाटच आपण बांधलेली नाही.

नागपुरात डिसेंबर 2022 मध्ये माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ (One Health) संस्थेची पायाभरणी झाली, ते चांगलंच झालं. मात्र इमारत उभी राहीपर्यंत आपल्या जिल्ह्यातलं काम थांबायला नको. ठरावीक गोठे, पांजरापोळ, गुरांचा बाजार आणि महापालिकेचा ढोरवाडा निवडा. रस्त्यावरून पकडलेली गुरं ढोरवाड्यात एकत्र येतात, त्यांच्याबरोबर गोचिडीही येतात, तेव्हा ढोरवाडा मुळीच सोडू नका. दर महिन्याला तिथल्या गोचिडी वेचायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची, नमुने विषाणूसाठी तपासायला पाठवायचे आणि आकडे जाहीर करायचे. फवारणीच्या औषधांना त्या किती दाद देतात हेही त्याच वेळी पाहायचं. डेल्टामेथ्रिन मारूनही गोचिडी मरत नाहीत ही तक्रार मी गोठ्यागोठ्यांत ऐकते.

या कामाला अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. लागतात ती गोचीड ओळखणारी माणसं, आणि ती झपाट्यानं कमी होत चालली आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलीला या विषयात पीएचडी करायची होती. शिष्यवृत्ती महिनोन्महिने आली नाही, शेवटी ती एका औषध कंपनीत लागली. तिला दोष देता येत नाही. पण जिचे डोळे हायलोमाच्या पायांवरचे फिकट पट्टे बघताक्षणी ओळखत होते, अशी मुलगी पुन्हा तयार व्हायला वर्षं लागतात.

आपल्याकडे या तापाचे रुग्ण बहुतेक उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत सापडतात. त्यामुळे वेचणी पुढच्या मार्चमध्ये सुरू व्हायला हवी. त्याआधी आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांची, विद्यापीठाच्या आणि आणंदच्या लोकांसह एक बैठक बडोद्यात बोलवावी आणि तिचा ठराव जाहीर करावा, ही विनंती. गोठ्यांची यादी आणि तिथल्या मालकांची तयारी आम्ही करून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा